पंप लागला, पुढं काय? मोठेपणी निघालेला दमा, सोप्या भाषेत

सोयाबीनचं मळणीयंत्र गावात फिरायला लागलं की माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरवर दोनच विषय असतात: भाव आणि खोकला. भावावर बोलून उपयोग नाही. खोकल्यावर बोलायचा थोडा हक्क मात्र मला गेल्या दसऱ्यापासून मिळाला आहे. वयाच्या ४४व्या वर्षी मला दमा निघाला.

"निघाला" हा आपल्याकडचा शब्द. शुगर निघते, बीपी निघते, तसा दमाही निघतो. विहीर खोदता खोदता खडक लागावा तसा. पण तो काही एका दिवसात आला नव्हता. त्याआधीची दोन वर्षं पावसाळा सरला की मला खोकल्याची ढास लागायची आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास छातीत शिट्टी वाजायची. दर वेळी एक इंजेक्शन, तीन रंगांच्या गोळ्यांची पुडी, चार दिवस आराम. डॉक्टर म्हणायचे हवा बदलली, मी म्हणायचो धूळ लागली, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. मग एका रात्री खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून, पुढं वाकून बसलो तो उजाडेपर्यंत तसाच. बायको हवा यावी म्हणून खिडक्या उघडत होती. माझी अडचण उलटी होती: हवा आत जात होती, बाहेर निघत नव्हती.

जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली, दमा ठरला आणि हातात इनहेलर आला. त्याला आपल्याकडे सगळे पंपच म्हणतात, मीही तेच म्हणेन. शेजारच्या काकांनी तो पाहिला. "पंप लागला काय रे बापा? आता थो सुटत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सातबाऱ्यावर बोजा चढलेल्या माणसाकडेही कोणी तसं पाहत नाही.

या हंगामात चार जणांनी काउंटरवर हळूच विचारलं, "तुम्हाले कसं समजलं दमाच आहे म्हणून?" चौघंही चाळिशीच्या पुढचे. त्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं इथं एकत्र लिहितो. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण काय बिघडलंय हेच कळलं नाही तर माणूस औषध मध्येच सोडतो. मीही सोडलं होतं. ते पुढं येईल.

## नळीत नेमकं होतं काय

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना फुफ्फुस समजायला वेळ लागत नाही. मेन लाइन, त्यातून सबमेन, त्यातून झाडापर्यंत जाणारी बारीक नळी, लॅटरल. श्वासनळीही अशीच फाटत फाटत बारीक होत जाते आणि शेवटी हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचते. दम्याची गडबड पिशव्यांत नसते, लॅटरलमध्ये असते.

तिथं तीन गोष्टी एकदम घडतात. नळीभोवती मांसाचा बारीक पट्टा असतो, तो आवळतो. नळीचं आतलं अस्तर सुजतं. आणि त्या सुजेतून चिकट कफ पाझरतो. बाहेरून आवळलेली, आतून सुजलेली आणि वर गाळ साचलेली नळी. हवा त्यातून जाताना शिट्टी वाजणारच. श्वास घेताना छाती फुगते, नळ्याही थोड्या ताणून उघडतात. सोडताना त्या आणखी मिटतात. म्हणून हवा आत अडकते आणि छाती भरून आल्यासारखी वाटते.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. पट्टा आवळतो आणि सुटतो, कधी आपोआप, कधी औषधानं. सूज मात्र तशी जात नाही. धाप थांबली, शिट्टी थांबली, आपण दुकानात येऊन बसलो, तरी नळीचं अस्तर सुजलेलंच असतं. आणि सुजलेली नळी चिडकी असते. तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचून टोचून हैराण झालेला बैल नंतर नुसती काठी हलली तरी उधळतो, तसं तिचं होतं. इतरांना ज्या धुराचं, फोडणीच्या ठसक्याचं, गार वाऱ्याचं काही वाटत नाही, त्याला ही नळी उधळते. दमा म्हणजे ती रात्र, असं मी धरून चाललो होतो. दमा खरं तर मधल्या चांगल्या दिवसांतही चालूच होता.

## लहानपणी तर नव्हता, मग आता कुठून आला?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. दमा लहानपणीच होतो ही समजूत पक्की आहे. लहानपणी तो मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो हे खरं, पण वय वाढतं तसं चित्र उलटतं आणि मोठेपणी बायकांमध्ये जास्त दिसतो. काहींना लहानपणी "बाळदमा" असतो, तो मिटतो आणि तीस वर्षांनी परत डोकं वर काढतो. काहींना एखाद्या जबर सर्दी-तापानंतर सुरू होतो. घराण्यात कोणाला अ‍ॅलर्जी, इसब किंवा दमा असेल तर शक्यता वाढते. वाढलेलं वजन आणि बिडीही त्यात भर घालतात.

पण आपल्या भागात जास्त विचार करायला हवा तो रोजच्या कामाचा.

सोयाबीनचंच घ्या. स्पेनमध्ये बार्सिलोना नावाचं बंदराचं शहर आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथं २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी दम्याचे ढीगभर रुग्ण दवाखान्यात येऊन पडले, बहुतेक मोठी माणसं. आधी कोणालाच कळेना. शेवटी तारखा जुळवल्या तेव्हा दिसलं की हे दिवस म्हणजे बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवण्याचे दिवस. दाणा साठवायच्या एका उंच कोठाराला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती; सोयाबीनच्या टरफलाची भुकटी वाऱ्यावर गावभर जात होती. गाळणी बसवली आणि साथ थांबली. हे वाचलं त्या दिवशी मी आपल्या मळणीयंत्राच्या मागच्या बाजूला उडणाऱ्या भुशाकडे बराच वेळ पाहत राहिलो. तिथं आपण उभे राहतो, रुमाल बांधून.

कापसाचं थोडं वेगळं आहे. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीनं छाती आवळण्याचा एक आजार होतो, बिसिनोसिस. त्याची खूण मजेशीर आहे: सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त. हा दम्याचा सख्खा भाऊ नाही, चुलतभाऊ म्हणा. पण हिंगणघाट असो की यवतमाळ-अकोला, जिनिंगवर जाणाऱ्यांनी डॉक्टरांना कामाचं नाव सांगायलाच पाहिजे. आणि भाव वाढेल या आशेनं आपण झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवतो, त्याची तंतूधूळ रात्रभर नाकातच जाते. भाव वाढतो की नाही ते सोडा, खाज आणि खोकला नक्की वाढतो.

बाकी यादी तुमच्या ओळखीची आहे. बांधावरचं गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत. १९५५-५६च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज त्याचा पराग कुठं नाही असं गाव नाही. चुलीचा धूर. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानगिरणीचा कोंडा. चंद्रपूर, घुग्घुस, वणीकडे कोळशाची धूळ. गादी-उशीतले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे. आणि एक खास आपलं प्रकरण, कूलर. दिवाळीपासून धूळ खात पडलेल्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूची गवताची पॅडं, मार्चमध्ये नुसतं पाणी टाकून चालू करायच्या, ही आपली रीत. त्या ओल्या ताटीतली बुरशी थेट तोंडावर येते. ४५ अंशांत कूलर बंद करा असं सांगणाऱ्यानं विदर्भात उन्हाळा काढलेला नसतो. पण ताट्या दर वर्षी बदला आणि टाकी आठवड्याला धुवा, एवढं जमतं.

औषधांचंही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. अंगदुखीची काही औषधं, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मोठ्या वयाच्या दमेकऱ्यांपैकी साधारण शंभरात सात जणांना दम्याचा जोरदार झटका आणतात. नाकात मांस वाढलेलं असेल, वास येत नसेल, तर शंका जास्त. कंबर धरली की गावात जे इंजेक्शन मिळतं ते बऱ्याचदा यातलंच असतं. "मला दमा आहे" हे सुई टोचायच्या आधी सांगायचं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांना आणि काचबिंदूच्या काही थेंबांनाही हेच लागू.

## हा दमाच कशावरून? टीबी नसेल?

शंका रास्त आहे आणि ती विचारायलाच हवी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबीत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त हे दिसतं. दम्यात त्रास येतो-जातो, रात्री आणि पहाटे वाढतो, ऋतूप्रमाणे हलतो. तीस वर्षं बिडी ओढलेल्या किंवा चुलीपाशी आयुष्य गेलेल्या माणसाला दम लागतो तो बरेचदा सीओपीडी नावाचा वेगळा आजार असतो. त्यात नळी पूर्ववत उघडत नाही. हृदय कमजोर असलं तरी रात्री धाप लागते. म्हणून छातीला स्टेथोस्कोप लावून लगेच "दमा" म्हणणंही घाईचं, आणि दर वेळी "सर्दी" म्हणणंही.

ठरवणारी तपासणी म्हणजे फुंकर मारायची, स्पायरोमेट्री. जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं. मग नळी उघडणारं औषध देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावतात. आकडा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरनं वाढला तर आवळलेली नळी सुटली, म्हणजे दम्याकडे बोट जातं. माझा १.९ लिटरचा २.४ लिटर झाला. चांगल्या दिवशी फुंकलं तर आकडा साधाच येऊ शकतो, त्यामुळे एकदा "नॉर्मल" आलं म्हणून विषय संपत नाही.

## दोन पंप, दोन कामं

लॅटरल क्षारानं चोंदली की झाडाला पाणी कमी पडतं. मोटरचा दाब वाढवला तर दोन दिवस पाणी येतं, शेतकरी खूश. खरं काम असतं अ‍ॅसिड सोडून नळी धुणं, आणि ते पाणी व्यवस्थित येत असतानाही ठरल्या दिवशी करावं लागतं.

दम्यात दाब वाढवणारं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल, आपल्या ओळखीचा निळा पंप. तो आवळलेला पट्टा काही मिनिटांत सोडतो आणि चार-सहा तास टिकतो. सुजेला तो हात लावत नाही. नळी धुणारं औषध म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड, ब्युडेसोनाइड किंवा त्याच्या जातीचं दुसरं. ते सूज उतरवतं, पण हळूहळू. दिवसांत थोडं, आठवड्यांत बरंच. घेतल्याबरोबर काहीच वाटत नाही. आणि सगळा घोळ इथंच होतो. जे घेतल्यावर बरं वाटतं ते आपल्याला औषध वाटतं, आणि जे घेतल्यावर काहीच वाटत नाही ते वायफळ खर्च.

मीही तेच केलं. तीन महिने रोजचा पंप घेतला, खोकला गेला, रात्रीची झोप लागली, आणि मी ठरवलं की झालो बरा. रोजचा बंद, निळा खिशात. संक्रांतीच्या थंडीत निळा दिवसाला दोनदा, मग चारदा, आणि एका पहाटे परत तोच खाटेचा काठ. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "फवारणी केल्यावर अळी दिसत नाही म्हणून पुढची फवारणी बंद करता का हो तुम्ही?" कृषी केंद्रवाल्याला हा प्रश्न जरा लागतो.

दम्याच्या उपचारांचे सल्ले देणारी 'जिना' नावाची जागतिक संस्था १९९३ पासून काम करते. २०१९ मध्ये तिनं आपला जुना सल्ला बदलला: मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, दमा सौम्य असला तरी. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त निळे पंप संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो. बारा संपत असतील तर जिवाचा. आता बऱ्याच जणांना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप देतात. त्यातलं फॉर्मोटेरॉल मिनिटांत काम करतं, त्यामुळे रोजचा आणि गरजेचा पंप एकच होतो. मात्र प्रत्येक जोड-पंपाला हे लागू नाही. आपला कोणता, ते विचारून घ्यायचं. रंगावर जाऊ नका. रंग कंपनीगणिक बदलतात.

एक आकडा मला फार टोचतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. आपला दमा काही जास्त विषारी नाही. आपण नळी धुत नाही, दाबच वाढवत राहतो.

## "पंप म्हणजे शेवटचा इलाज. गोळीवर भागत नाही का?"

काकांचं हेच म्हणणं. हिशेब करून पाहू. निळ्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध गोळीतून घेतलं तर ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, चाळीस दाबांइतकं. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि मग थोडी नळीपर्यंत पोचते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप म्हणजे ठिबक, गोळी म्हणजे पाटपाणी. थेंब मुळाशी पडत असताना अख्खं वावर भिजवायचं कशाला? म्हणून पंप हा पहिला इलाज, शेवटचा नाही.

"पण ते स्टिरॉइड आहे ना?" आहे. आपल्याला स्टिरॉइड म्हटलं की सुजलेला चेहरा आणि ठिसूळ हाडं आठवतात, आणि ती भीती गोळ्या-इंजेक्शनांच्या बाबतीत खरी आहे. माझा रोजचा पंप दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम देतो. झटका आला तेव्हा मला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची ४० मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस होती, म्हणजे रोज ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी, त्यांची ताकद वेगळी, त्यामुळे हा शंभरपटीचा हिशेब काट्यावर तोलल्यासारखा नाही. पण अंदाज यावा. गंमत अशी की स्टिरॉइडच्या भीतीनं पंप टाळणारा माणूस वर्षातून चार झटके खातो आणि दर झटक्याला तेच स्टिरॉइड सुईतून घेतो. पंपाचे त्रास आहेत: आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. दर वेळी खळखळून चूळ भरून थुंकली की ते बहुतेक टळतं.

"सवय लागते." चष्म्याची लागते तेवढीच. बंद केल्यावर त्रास परत येतो तो सवयीमुळे नाही, सूज परत येते म्हणून. दमा महिनोन्‌महिने नीट राहिला तर डॉक्टर मात्रा कमीही करतात. मोठेपणी आलेला दमा समूळ जाईल असं वचन मात्र कोणी देऊ नये.

आणि मासोळी. मृग नक्षत्राला हैदराबादला जिवंत मरळ मासोळीच्या तोंडात पिवळं औषध घालून गिळायला देतात. आपल्याकडून दर वर्षी लोक जातात. कोजागिरीला खिरीतून औषध घेणारेही आहेत. मी कोणाच्या श्रद्धेत शिरत नाही. एवढंच सांगतो की यांनी दमा बरा होतो हे कोणत्याही नीट चाचणीत दिसलेलं नाही, आणि जून-ऑक्टोबरमध्ये कोणाला बरं वाटलंच तर दम्याचा स्वभावच येण्या-जाण्याचा आहे हे लक्षात ठेवा. जायचं तर जा, पंप बंद करून जाऊ नका. खरी भीती मला बिननावाच्या पुड्यांची वाटते. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. पुडीनं दोन दिवसांत चमत्कार झाला, भूक भडकली, चेहरा गोल होऊ लागला, शुगर वाढली, तर चमत्कार कशाचा ते समजून घ्या.

पथ्याचं लवकर आटपतो. दही, केळी, भात, संत्री "थंड" म्हणून सोडायचं कारण नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला दर वेळी त्रास होतो असं दिसलं तर तो सोडा. नागपुरी माणसाला संत्रं बंद करणं हा अन्याय आहे.

## नोझल बिघडलं तर औषध मातीत

फवारणीचं औषध कितीही महाग असो, नोझल चुकीचं असलं की ते पानावर न बसता जमिनीवर पडतं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. पंपाचं तेच. औषधाचा कण फार बारीक, साधारण १ ते ५ मायक्रॉनचा असेल तरच तो लॅटरलपर्यंत जातो. बाकीचा घशात आपटतो. मी पहिला महिनाभर पंप तोंडात धरून दाबत होतो आणि नंतर श्वास घेत होतो, म्हणजे सगळं औषध जिभेवर.

रीत अशी. पंप हलवा. आधी श्वास पूर्ण सोडा. तोंडात धरून ओठ घट्ट मिटा, सावकाश खोल श्वास घ्यायला लागा आणि त्याच क्षणी दाबा. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा दाब घ्यायचा तर अर्धा-एक मिनिट थांबून. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल, आणि बहुतेकांचं जुळत नाही, तर मध्ये स्पेसर लावायचा, म्हणजे औषध क्षणभर साठवणारी प्लास्टिकची पोकळ नळी. ती नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवता येतो. बाटलीचं तोंड आपल्या तोंडात. ही चेष्टा नाही. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुलांवर तपासून पाहिलं तेव्हा अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड निघाली. बाटली साबणाच्या पाण्यातून काढून, न पुसता वाळवायची, म्हणजे औषध भिंतींना चिकटत नाही.

कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र मिळालं असेल तर तिथं उलटं: श्वास जोरात आणि झटक्यात घ्यायचा. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, माझ्या ओळखीतल्या एका शिकलेल्या माणसानं पंधरा दिवस पाण्यासोबत गिळल्या. पावसाळ्यात त्या दमट होतात, वापरायच्या वेळीच पाकिटातून काढा. पंप ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका; आपल्या मे महिन्यात तिथं तो खराब होतो, फुटूही शकतो.

## वावर सोडायचं का?

नाही. कष्टानं धाप लागते म्हणून काम सोडलं तर अंगातली ताकद आणखी कमी होते. औषध नीट चालू असेल तर नांगरणी, निंदण, चालणं सगळं जमायला पाहिजे; जमत नसेल तर औषध कमी पडतंय, एवढाच अर्थ. मी बदललं ते थोडं. मळणीच्या दिवशी यंत्राच्या वाऱ्याखाली उभा राहत नाही, आणि उभं राहावंच लागलं तर नाकाच्या बाजूंनी हवा न शिरू देणारा एन-९५ मास्क लावतो. धुळीसाठी तो चालतो. फवारणीच्या वाफेसाठी चालत नाही.

फवारणीचं जरा वेगळं आणि गंभीर आहे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नळीचा तोच पट्टा आवळतात आणि कफ वाढवतात. दमेकऱ्यानं फवारणीचा पंप पाठीवर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ती औषधं विकणारा माणूस आहे. फवारताना किंवा नंतर धाप लागली, सोबत घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, तर तो दम्याचा झटका समजून निळा पंप ओढत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा, लगेच दवाखाना.

घरात सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. बायकोनं माझा पेला वेगळा ठेवला होता, न सांगता. दमा लागट नाही हे तिला समजावलं. मग कळलं की खरी काळजी मुलीच्या लग्नाची आहे. बापाला दमा म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील. प्रवृत्ती घराण्यातून येते, आजार येईलच असं नाही. पण पंप लपवायचा नाही असं आम्ही ठरवलं, कारण लपवलेला पंप वेळेवर घेतला जात नाही. गरोदरपणीही डॉक्टरांना न विचारता पंप बंद करायचा नसतो. आईचा श्वास अडकला तर बाळाचाही अडकतो. खर्चाचं म्हणाल तर महिन्याला काहीशे रुपये जातात. जनऔषधी दुकानात स्वस्त पडतं, सरकारी दवाखान्यात विचारायलाही काही लागत नाही. आणि रोजच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा महिन्याचा हिशेब एकदा मांडून बघा.

## रात्री बिघडलं तर

काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. माझा फ्रिजवर चिकटवलेला आहे. सरळ बसायचं, आडवं व्हायचं नाही. निळा पंप स्पेसरमधून, एका वेळी एक दाब, असे चार. जास्त त्रास असेल तर दहापर्यंत. वीस मिनिटांत आराम पडला नाही तर परत तेवढेच, आणि परत घेत घेतच १०८ला फोन किंवा मिळेल ती गाडी. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर, माणूस गुंगीत, तर वीस मिनिटंही थांबायचं नाही. शिट्टीचा आवाज एकदम बंद झाला आणि माणूस मात्र तसाच झगडतोय, तर ते बरं होणं नाही. हवाच जात नाही म्हणून आवाज नाही. गावापासून दवाखाना चाळीस किलोमीटर असेल तर निर्णय शहरातल्या माणसापेक्षा तासभर आधी घ्यावा लागतो.

एरवी महिन्यातून एकदा स्वतःला चार प्रश्न: गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्यानं जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? कामात अडलं का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर डॉक्टरांकडे जायचं, झटक्याची वाट पाहायची नाही.

मी आणखी एक करतो. काहीशे रुपयांत पीक-फ्लो मीटर मिळतं, प्लास्टिकची नळी आणि तिच्यावर सरकणारा काटा. फुंकर किती जोराची ते दाखवतं. सकाळी दुकान उघडलं की फुंकतो आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहितो. पहिल्या महिन्यात २८० होता, आता ४३०च्या आसपास असतो. मळणीच्या आठवड्यात ३७० झाला, तेव्हाच कळलं.

परवा काका तो प्रकार पाहत उभे होते. "दे इकडे," म्हणाले. तोंडाचा भाग धुऊन दिला. त्यांनी फुंकलं, २१०. "मशीन बिघडलं तुह्यं." परत फुंकलं, २०५. तीस वर्षांची बिडी आहे, दमा की सीओपीडी ते तपासल्याशिवाय कळणार नाही. मंगळवारी माझी तारीख आहे, सोबत येतो म्हणाले. पायरी उतरताना मागं वळून विचारलं, "पंप देतीन काय थे?"